डाव्या कुशीवरचा ओरखडा

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे. धक्क्याला रांगेने बांधलेल्या होड्यांत मला ओळखणे अगदी सोपे आहे. अंगाला पांढरा रंग, काठाने निळी पट्टी आणि डाव्या कुशीवर हातभर लांबीचा एक ओरखडा. येणारेजाणारे तो पाहून हळहळतात. "इतकी छान ठेवलेली होडी, मग एवढं एक बुजवून घ्यायला काय झालं होतं?" असे म्हणतात. माझ्या मालकांना, म्हणजे डॉक्टरांना, कोणी असे विचारले, की ते नुसते हसतात आणि दोऱ्या आवरू लागतात. ते सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. माझ्या बोलण्यात थोडी फुशारकी येईल, ती तेवढी चालवून घ्या. ऐन उमेदीत मी फार देखणी होते.

माझा जन्म लाकडातून झालेला नाही. मी फायबरची, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांची आणि चिकट रेझिनची. गंमत अशी, की मला घडवताना सगळे उलटेच चालले होते. आधी एक भलामोठा साचा घेतला आणि त्याला आतून मेण चोळले. मग त्यात पांढऱ्या रंगाचा एक थर फवारला. त्याला जेलकोट म्हणतात. तो जरा आळल्यावर त्यावर काचेच्या धाग्यांचे कापड, त्यावर रेझिन, पुन्हा कापड, पुन्हा रेझिन, असे थर चढवत नेले. म्हणजे माझी कातडी आधी तयार झाली आणि हाडामांसाचे नंतर पाहिले. साच्यातून मला उपसून काढले, तेव्हा कारखान्यातल्या सगळ्यांनी हातातली कामे टाकून माझ्याकडे पाहिले. थर लावणाऱ्या एका बाईंनी तर माझ्या कुशीत स्वतःचा चेहरा पाहून केस सारखे केले. इतकी मी चकचकीत होते.

या कातडीची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे. ती नखाएवढीच जाड असते, आणि झिजली तर आपोआप पुन्हा वाढत नाही.

मला घरी आणले ते दातांच्या डॉक्टरांनी. त्यांचे घर बंदरापासून जवळच, उतारावरच्या गल्लीत होते. एका बाजूच्या दोन खोल्यांत दवाखाना, दुसऱ्या बाजूला राहती जागा आणि परसात माझ्यासाठी उभारलेली पत्र्याची शेड. वादळी वाऱ्यांच्या महिन्यांत मला चाकांच्या गाड्यावर चढवून त्या शेडमध्ये ठेवत. दवाखान्याची मागची खिडकी शेडकडेच उघडत असे. त्यामुळे खुर्चीत तोंड उघडून बसलेला पेशंट मला दिसायचा आणि त्याला मी दिसायचे. दोघांचीही अवस्था बघण्यासारखी असे.

त्या खिडकीतून डॉक्टरांचे एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले, की मला ते पाठ झाले. "अहो, हळू घासा! दातावरचं कवच झिजलं की पुन्हा येत नाही. तुमचं दातांशी काय वैर आहे का?" पेशंट बिचारा तोंडात नळी असल्यामुळे नुसता हुंकार देई.

डॉक्टरांनी मला तळहाताच्या फोडासारखे जपले. होडीत चढायचे तर आधी पाय धुवायचे, हा त्यांचा पहिला नियम. तळव्याला वाळूचा एक कण जरी चिकटलेला असला तरी तो ओरखडा काढतो, असे ते म्हणत आणि ते खरेच होते. पाण्यातून बाहेर आले की मला गोड्या पाण्याने आंघोळ, मग मऊ फडके, मग मेणाचा हात. धक्क्याला लागण्याआधी माझ्या कुशीला फेंडर बांधत. फेंडर म्हणजे हवेने फुगवलेल्या रबरी उशा. धक्का आणि माझे अंग यांच्यामध्ये त्या दबतात आणि घसपट स्वतःवर घेतात. डॉक्टर तर फेंडरसुद्धा साबणाने धुवत. मळक्या फेंडरला वाळू चिकटते आणि राखणदारच ओरबाडू लागतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

डॉक्टरांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. त्या शिकवायच्या शाळेत, आणि थट्टा करायच्या घरात. "आमच्या होडीत येताना जिवाला चिखल लागलेला चालतो, पायाला नाही," असे त्या पाहुण्यांना सांगत. त्यांना पाण्याचे फारसे वेड नव्हते. त्या पुस्तक घेऊन माझ्या मधल्या फळीवर बसत आणि किनारा आला की डोके वर काढत.

आणि त्यांची मुलगी! तिला सगळे खारू म्हणत, कारण ती खारीसारखी कुठेही चढायची. डोलकाठीला मिठी मारून ती अर्ध्यापर्यंत जायची आणि तिथून बाबांना हाका मारायची. तिचे पाय इतके हलके होते, की ती माझ्यावर आहे हे मला कधीकधी तिच्या हसण्यावरूनच कळायचे. तिला सुकाणू धरायला डॉक्टरांनीच शिकवले. सुकाणूच्या दांड्यावर तिचा हात आणि त्यावर डॉक्टरांचा हात, अशा कितीतरी संध्याकाळी आम्ही पाण्यावर काढल्या. पुढे एक दिवस डॉक्टरांनी आपला हात उचलून घेतला आणि ते तिला कळलेसुद्धा नाही. मला कळले. त्या दिवशी मी मुद्दाम जरा सरळ चालले.

आता त्या दिवसाचे सांगते.

खारू तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. बाईंना बरे नव्हते, म्हणून बापलेक दोघेच निघाले होते. सकाळी डॉक्टरांनी फेंडर धुतले होते आणि परसात कपड्यांच्या दोरीवर वाळत घातले होते. ते तिथेच राहिले. भर पाण्यात आल्यावर डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "फेंडर दोरीवरच राहिले की! बरं, असू दे. येताना मी पुढे उभा राहून दोरी टाकतो. तू सुकाणू धर आणि हळू आण."

येताना वारा पडलेला होता. खारूने मला अगदी सावकाश आणले. धक्का डाव्या हाताला होता. जुन्या लाकडी ओंडक्यांचा तो धक्का, आणि त्यातला एक लोखंडी बोल्ट बाहेर डोके काढून होता. हातभर अंतर राहिले असताना कुठूनसा वाऱ्याचा झोत आला आणि त्याने मला बाजूला ढकलले. पुढे उभे असलेले डॉक्टर वळून ओरडले, "होडी! अगं खारू, होडी बघ! होडी!"

खारूने काय केले, ते मित्रांनो, फक्त मी पाहिले. तिने उजव्या हाताने सुकाणू तसेच धरले आणि डावा हात माझ्या काठावरून बाहेर काढून, तळवा थेट त्या बोल्टवर ठेवून, जीव खाऊन रेटा दिला. फेंडर नव्हते, म्हणून तिने स्वतःचा हात मध्ये घातला. त्या रेट्याने माझा वेग मोडला. नाहीतर बोल्ट माझ्या कुशीतून आरपार गेला असता. मग तिचा हात घसरला, बोल्ट तिच्या तळव्यावरून फिरला आणि नंतर माझ्या अंगावरून गेला.

डॉक्टर धक्क्यावर उडी मारून उतरले आणि थेट माझ्या कुशीपाशी ओणवे झाले. हातभर लांब ओरखडा, मधोमध इतका खोल की आतले धागे दिसत होते. त्याच्या कडेला लाल डाग पडले होते. त्यांनी खिशातले फडके काढून ते पुसले. "गंज लागलाय धक्क्याचा," ते स्वतःशीच म्हणाले. मग एक लांब श्वास सोडून त्यांनी वर पाहिले. खारूने तोवर मूठ मिटून हात खिशात घातला होता.

डॉक्टर रागावले नाहीत.  ते नुसते त्या ओरखड्याकडे बघत राहिले, आणि खारू त्यांच्याकडे. ते रागावले असते तर बरे झाले असते, असे मला पुढे पुष्कळदा वाटले. रागावणारा माणूस निदान समोरच्याकडे बघतो तरी.

त्याच दिवशी मला शेडमध्ये नेले. संध्याकाळी बाई मागच्या दारात उभ्या राहून खारूच्या हाताला पट्टी बांधत होत्या. "एवढं सोलवटून कसं घेतलंस गं?"

"सायकलवरून पडले," खारू म्हणाली.

माझ्या पोटाखाली बसून ओरखडा मोजत असलेल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितले, "जपून चालवत जा बाळा."

मला वाचा असती तर मी तेव्हाच बोलले असते. पण होडीला वाचा नसते. पत्र्यावर वारा वाजत राहिला आणि बापलेकींमधली ती गोष्ट माझ्या कुशीत तशीच राहिली.

ओरखडा डॉक्टरांनी स्वतःच दुरुस्त केला, आणि काम असे केले की बघत राहावे. आधी ॲसिटोनने जागा पुसून मेणाचा अंशही काढला, कारण मेण राहिले की भरलेला थर धरत नाही. मग भेगेच्या कडा उतरत्या घासल्या. तळाशी धाग्यांचा तुकडा रेझिनमध्ये भिजवून बसवला. वर जेलकोटमध्ये तो घट्ट करणारे हार्डनर मिसळून तो अंगापेक्षा किंचित उंच भरला आणि त्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवला. उघड्या हवेत जेलकोट चिकटच राहतो, त्याला असे झाकावे लागते. सुकल्यावर पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी चकाकीसाठी रबिंगची पेस्ट आणि मेण. दात भरणारे हात ते! दाढ असो की होडी, त्यांना खड्डा दिसला की ते त्यात रमून जात.

शेजारीपाजारी येऊन बघून गेले. ओरखडा कुठे होता ते कोणाला सांगता येईना. डॉक्टरांनी खारूला बोलावले. "बघ, आता काही दिसतंय का?"

खारू शेडच्या दारात उभी होती. आत आली नाही. "नाही दिसत," ती म्हणाली.

त्यानंतर डॉक्टरांनी तिला सुकाणू धरू नको असे कधी म्हटले नाही. फक्त पुढच्या वेळी ते आधीच तिथे जाऊन बसले आणि म्हणाले, "तू आज पुढे बस हं, वारा जरा जास्त आहे." वारा काही जास्त नव्हता. त्याच्या पुढच्या वेळी ती पुढेच जाऊन बसली. मग तिची परीक्षा आली, मग मैत्रिणी आल्या, मग तिला उन्हाचा त्रास होऊ लागला. हळूहळू ती यायची थांबली. मुली मोठ्या झाल्या की त्यांची आवड बदलते, असे डॉक्टरांनी बाईंना सांगितले.  मला मात्र माझ्या डोलकाठीला कोणी मिठी मारेनासे झाले हे चांगलेच जाणवत होते.

खारू शिकली, इंजिनिअर झाली आणि दूरच्या शहरात पूल बांधण्याच्या कामावर गेली. घरी फोन करायची, सुट्टीत येऊन जायची. परसात यायची नाही.

आणि डॉक्टर? त्यांचे माझ्यावरचे प्रेम आणखी वाढले, म्हणजे मला घराबाहेर काढणे कमी झाले. दोन फेंडरचे सहा झाले. त्यांना जुन्या टॉवेलचे अभ्रे शिवले गेले. माझ्यावर एक ताडपत्री आली, ताडपत्रीने घासू नये म्हणून तिच्याखाली चादर आली. डॉक्टरांचे गुडघे दुखू लागले, तसे पाण्यावर जाणे वर्षातून एखाद्या वेळेवर आले. पण पॉलिश चुकले नाही. त्यांनी घासून चकाकी आणणारे बफिंग मशीन आणले आणि दर मोसमाला माझे अंग घोटू लागले. बारीकशी रेघ दिसली की घोट. दिसली नाही तरी, असेल म्हणून घोट. डाव्या कुशीवर तर त्यांचा हात सगळ्यात जास्त वेळ फिरे. तिथे काही राहिले तर नाही ना, हे ते पुन्हा पुन्हा बघत.

"होडी पाण्यात कमी आणि फडक्यात जास्त," बाई म्हणायच्या.

"चकाकतेय बघ कशी!" डॉक्टर म्हणायचे.

चकाकत होते खरी. पण मला आतून गार वाटू लागले होते. तुम्ही कधी धुऊन धुऊन विरलेला सदरा घातला आहे? तसे काहीसे.

मग डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. खुर्ची गेली, खिडकीतून येणारे ते वाक्यही बंद झाले. आणि एका सकाळी मी ऐकले, की मलाही द्यायचे ठरले आहे. गावातल्या एका गृहस्थांना होडी हवी होती. "गुडघे साथ देत नाहीत, आणि खारूला तर तिचं काही पडलेलंच नाही," डॉक्टर बाईंना म्हणाले. "कोणासाठी ठेवायची?"

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, नवे घर मिळणार म्हणून मी आनंदले असेन. नाही. मी गेले असते तर त्या बोल्टची आणि त्या तळव्याची गोष्ट माझ्याबरोबरच गेली असती. खारू काही सांगणार नव्हती आणि डॉक्टर काही विचारणार नव्हते. दोघे एकमेकांशी फोनवर हवापाण्याचे बोलत बोलत म्हातारे झाले असते.

ते गृहस्थ यायचे होते त्याच आठवड्यात खारू सुट्टीवर आली होती. डॉक्टरांनी मला द्यायच्या आधी एकदा शेवटचे घोटायला घेतले. मशीन डाव्या कुशीवर फिरत होते आणि अचानक त्यांनी ते बंद केले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तिथेच उलट्या बादलीवर बसले.

माझ्या पांढऱ्या अंगावर एक काळसर, निळसर छटा उमटली होती. जेलकोट इतका विरला होता, की आतल्या धाग्यांची वीण दिसू लागली होती. आणि तिच्या मधोमध वेगळ्या पांढऱ्या रंगाची एक लांब पट्टी, जुना भरलेला ओरखडा, जसाच्या तसा. भोवतालचा जुना रंग वयाने पिवळट पडला होता, नंतर भरलेला तितका पडला नव्हता. इतकी वर्षे घासून त्यांनी तोच वर आणला होता.

मशीन थांबलेले ऐकून बाई आल्या. त्यांनी वाकून पाहिले, आणि या वेळी त्या थट्टा करणार नाहीत, असे मला वाटले. पण त्या बाईच होत्या. "काय हो," त्या हळूच म्हणाल्या, "रोज पेशंटला काय सांगायचात तुम्ही?"

 डॉक्टर हसायला गेले आणि त्यांना ते जमले नाही. "तीस वर्षं सांगत होतो, हळू घासा म्हणून," ते म्हणाले. "मीच तिचं कातडं काढलं गं."

तो आवाज ऐकून खारू दारात आली. ती दारातच थांबेल असे मला वाटले होते. पण बाबांना तसे बादलीवर बसलेले पाहून ती आत आली, आणि किती वर्षांनी, माझ्या अंगाला तिचा हात लागला.

"भरता येईल की बाबा," ती म्हणाली. "अख्ख्या बाजूला नवा थर द्यायला लागेल. चला, मी आहे अजून चार दिवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक कामाला लागले. रंग जुळवायची पंचाईत होती. डब्यातला पांढरा माझ्या उतरलेल्या पांढऱ्यापुढे भलताच भडक दिसत होता. तेव्हा डॉक्टर घरात गेले आणि दातांचे रंग जुळवायची जुनी पट्टी घेऊन आले. तिला रांगेने खोटे दात लावलेले असतात, शुभ्र ते पिवळट. एकेक दात माझ्या कुशीला लावून ते मान तिरकी करून बघू लागले. खारू हसत सुटली. "कुठला आला बाबा? चहा पिणाऱ्याचा की सिगरेट ओढणाऱ्याचा?"

"चहा," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "दिवसाला तीन कप." आणि त्यांनी पांढऱ्यात पिवळ्याचे दोन थेंब टाकले.

मी किती खूश झाले म्हणून सांगू! माझ्या शेडमध्ये ते दोघे मिळून हसत होते.

नवा थर चढवला, तो सुकला आणि मग घासायची वेळ आली. "पाणी भरपूर घे आणि अजिबात जोर लावू नको," डॉक्टर म्हणाले. "डोळे फसतात, तळहात फसत नाही. डोळे मिट आणि हात फिरव, मग कळेल कुठे उंच आहे ते. दे हात." त्यांनी तिचा डावा हात धरला आणि माझ्यावर ठेवण्यासाठी सरळ केला.

आणि ते थांबले. ओल्या तळव्यावर, अंगठ्याखालून करंगळीपर्यंत, एक पांढरी जुनी रेघ होती.

"हे कधीचं?"

"ते? लहानपणीचं."

"सायकलवरून पडलीस ते?"

 खारूने माझ्या कुशीकडे पाहिले. मग म्हणाली, "सायकलवरून नाही पडले बाबा. धक्क्यावर. त्या बोल्टवर हात लावला होता मी."

"कशाला?"

"तुम्ही ओरडलात ना, होडी बघ म्हणून. फेंडर नव्हते. मग काय लावणार मध्ये?"

डॉक्टर तिचा हात धरून तसेच उभे राहिले. त्यांच्या हातातल्या पॉलिश पेपरचे पाणी थेंब थेंब गळत होते. दिवसभर माणसांची तोंडे तपासणारा माणूस तो, केसाएवढी चीर त्याच्या नजरेतून सुटत नसे. 

"ते लाल..." ते म्हणाले. "मी गंज म्हणून पुसलं."

"हो."

"बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही होडीकडे बघत होता," खारू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती नुसते झाले ते सांगत होती, आणि तेच ऐकवत नव्हते.

डॉक्टरांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "फेंडर मी विसरलो होतो. तू नाही. आणि दुखलं तुला." मग पुन्हा म्हणाले, "खूप दुखलं असेल." 

"खूप," खारू म्हणाली, आणि बारा वर्षांच्या पोरीसारखी रडू लागली.

मागच्या दारात बाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. त्यांनी पदराने डोळे पुसले. "म्हणजे इतकी वर्षं मी त्या सायकलला उगीच शिव्या दिल्या," त्या म्हणाल्या. "विकून टाकली बिचारी."

माझी कूस भरून, घासून, मेण लावून झाली. काम अगदी आरशासारखे झाले नाही, जवळून बघितले तर जोड दिसतो. डॉक्टरांनी तो पुन्हा घोटायला घेतला नाही. त्या गृहस्थांना त्यांनी फोन करून सांगितले, की माफ करा, होडी द्यायची नाही.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मला पाण्यात उतरवले. ताडपत्री नाही, चादर नाही. बाईंना धक्क्यावर सोडून दोघे निघाले. डॉक्टर आपणहून पुढे जाऊन बसले. खारूने सुकाणू हातात घेतले. सुरुवातीला ती सुकाणू उगीच इकडेतिकडे वळवत होती, मग मी ओळखीची वाटले असेन, कारण तिचा हात स्थिर झाला. शीड भरले. किती वर्षांनी मला माझ्या पोटाखालून पाणी पळताना ऐकू आले. मी म्हातारी झाले आहे हे मी विसरले.

परत येताना फेंडर वेळेवर लावलेले होते, धुतलेले, दोन्ही बाजूंना. पण पाणी काही नियम पाळत नाही. धक्का जवळ आला आणि बाजूने गेलेल्या एका मोठ्या बोटीची लाट माझ्याखाली शिरली. मी वर उचलले गेले, डावीकडचा फेंडर उसळून माझ्या काठावर येऊन पडला आणि माझी कूस उघडी पडली. ओंडके समोर होते. खारूचा डावा हात आपोआप बाहेर गेला.

पुढून डॉक्टर ओरडले. धक्क्यावरची सगळी माणसे वळून बघतील इतक्या जोरात ओरडले.

"हात! खारू, हात! हात आत घे!"

खारूने हात आत घेतला. आणि मी धक्क्याला घासले. करकर आवाज झाला, तो तर बाईंनाही ऐकू गेला. बाईंनी दोरी पकडून खुंटाला गुंडाळली. डॉक्टर दुखऱ्या गुडघ्यांनी, काठाला धरत धरत मागे आले, खारूसमोर बसले आणि त्यांनी तिचा हात उलटा-सुलटा करून पाहिला. एकेक बोट पाहिले.

"अहो, आणि होडी?" बाईंनी धक्क्यावरून विचारले.

"तिला काय होतंय? ती फायबरची आहे," डॉक्टर म्हणाले.

मला त्यांचा अजिबात राग आला नाही, मित्रांनो.

नंतर ते माझ्या कुशीपाशी आले. ओरखड्यावरून त्यांनी नख फिरवले. खोल नव्हता, धाग्यांपर्यंत गेला नव्हता, पाणी आत शिरायची भीती नव्हती. "पॉलिश पेपर आणू का बाबा?" खारूने विचारले. "नको," ते म्हणाले, "राहू दे."

तोच हा ओरखडा.

मित्रांनो, जाता जाता तुमच्याकडे एक मागणे आहे. आम्हा वस्तूंना जपा. होडीत चढताना पाय धुवा, फेंडर दोरीवर विसरू नका, खोल ओरखडा लगेच बुजवा आणि घासताना हात हलका ठेवा. पण कधी काही आपटले, फुटले, घासले गेले, तर आमच्याकडे नंतर बघा. आम्ही थांबू शकतो. आधी त्या वस्तूजवळ जे कोणी उभे असेल त्याचे हात बघा, आणि त्याने मूठ मिटली असेल तर ती उघडून बघा.

आता खारू दर सुट्टीत येते. धक्का जवळ येऊ लागला, की वारा असो वा नसो, डॉक्टर पुढून ओरडतातच, "हात!" आणि खारू उजव्या हाताने सुकाणू धरून डावा तळवा उंच करून त्यांना दाखवते.